एसीचा वारा काचेकडेच पळतोय? गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम तपासा

मे महिन्यात आम्ही छत्रपती संभाजीनगरहून परभणीला लग्नाला निघालो होतो. गाडी १९९६ सालची मर्सिडीज ई २२०, म्हणजे डब्ल्यू १२४, पेट्रोल. जालना मागे टाकून मंठ्याच्या रस्त्याला लागलो आणि एक गोष्ट लक्षात आली. पुढचा ट्रक ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला की डॅशबोर्डच्या मधल्या जाळ्यांतला गार वारा बंद व्हायचा आणि सगळी हवा समोरच्या काचेवर जायची. पाय सैल सोडला की थोड्या वेळाने वारा पुन्हा तोंडावर. बाहेर ऊन बेचाळीसच्या पुढे, आणि मागच्या सीटवर आई ओला रुमाल डोक्यावर धरून बसलेली.

त्या उन्हाळ्यात त्याच तक्रारीवर दोनदा एसीचा गॅस भरून घेतला होता आणि एकदा ब्लोअरची मोटार बदलली होती. शेवटी एका गॅरेजात सांगितलं, "दादा, अख्खा डॅशबोर्ड खोलावा लागतोय." प्रत्यक्षात दोष निघाला बोटभर लांबीच्या एका व्हॉल्वमध्ये आणि फाटलेल्या एका रबरी पडद्यात. दोन्ही बदलायला डॅशबोर्डला हात लावावा लागला नाही. तुमचे पैसे आणि तुमचा उन्हाळा असा जाऊ नये, म्हणून मी ज्या क्रमाने शोधलं (आणि ज्या क्रमाने आधीच शोधायला हवं होतं) तो इथे देतो आहे.

मुळात हे चालतं कसं

इंजिन हवा आत ओढतं. पेट्रोल इंजिनात थ्रॉटल (ॲक्सिलरेटर दाबल्यावर उघडणारं हवेचं दार) जवळजवळ मिटलेला असतो तेव्हा इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा इंजिनात नेणाऱ्या पाइपांत) चांगली ओढ, म्हणजेच व्हॅक्यूम, तयार होते. डिझेलला तसा थ्रॉटल नसतो, म्हणून तिथे ओढ तयार करायला वेगळा व्हॅक्यूम पंप असतो. ही ओढ बारीक नळीने केबिनमध्ये आणतात. एसीचं बटण किंवा नॉब फिरवला की ती ठरावीक डबीत सोडली जाते. डबीत रबराचा पडदा असतो, त्याला दांडी, दांडीला वाऱ्याची वाट बदलणारी झडप. ओढ मिळाली की पडदा आत जातो, दांडी खेचली जाते आणि झडप फिरते. ओढ गेली की स्प्रिंग झडपेला मूळ जागी आणते.

ती मूळ जागा मुद्दाम निवडलेली असते. व्हॅक्यूम मेला तरी चालकाला समोरचं दिसलं पाहिजे, म्हणून बहुतेक गाड्यांत अशा वेळी हवा काचेकडे जाते. तोंडावर वारा नाही पण काच थंडगार, हे लक्षण म्हणूनच इतकं बोलकं आहे.

विहिरीवर मोटार चालवलेल्याला हे वेगळं समजवायला नको. सक्शन पाईपला बारीक भोक पडलं तर मोटार सुरू असते, आवाज येतो, पण ती हवा धरते आणि पाणी चढत नाही. तिथे आपण मोटार रिवाइंड करायला नेत नाही, आधी पाईप बघतो.

१. तुमच्या गाडीत झडपा व्हॅक्यूमवर आहेत का, हे आधी पक्कं करा

आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्यांत या झडपा केबलवर किंवा छोट्या विजेच्या मोटारीवर चालतात. नॉब फिरवताना हाताला ताण जाणवत असेल तर केबल. इग्निशन दिल्यावर डॅशबोर्डमागून टिकटिक येत राहत असेल तर बहुधा मोटारीच्या दातऱ्या गेल्या. या दोन्ही प्रकारांत पुढचं काहीच लागू होत नाही.

व्हॅक्यूमवरच्या झडपा सापडतात त्या डब्ल्यू १२३, डब्ल्यू १२४ अशा जुन्या मर्सिडीजमध्ये, जुन्या जीप चेरोकी-रँग्लरमध्ये आणि अनेक जुन्या अमेरिकन गाड्यांत. डब्ल्यू १२४ ची जोडणी १९९५ पासून पुण्यात होत असे, म्हणून मराठवाड्यातही त्या अजून दिसतात. ऑक्टोबर २०१० मध्ये आपल्या संभाजीनगरात एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज आल्या होत्या, ते अनेकांना आठवत असेल. त्या पिढीच्या गाड्यांत झडपा विजेच्या मोटारींवर आहेत. तेव्हा "मर्सिडीज आहे म्हणजे व्हॅक्यूमच" असंही धरून चालू नका.

इथे फसायला होतं ते असं. बोनेट उघडल्यावर व्हॅक्यूमची नळी दिसली म्हणजे एसी व्हॅक्यूमवर आहे असं नाही. आपल्याकडच्या अनेक डिझेल गाड्यांत अल्टरनेटरच्या मागेच व्हॅक्यूम पंप असतो आणि तो ब्रेकच्या बूस्टरसाठी (पेडल दाबायला मदत करणाऱ्या डब्यासाठी) असतो. टर्बो आणि ईजीआरलाही (थोडा धूर पुन्हा इंजिनात फिरवणाऱ्या व्हॉल्वलाही) नळ्या जातात. नळी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यातून) केबिनमध्ये, एसीच्या दिशेने जाते का, ते बघा.

२. सामान आणि कागद

गेज असलेला हातपंप हवा. हात दाबला की ओढ तयार होते आणि काट्यावर ती किती झाली, किती टिकली ते दिसतं. एकदा गॅस भरायला जेवढे पैसे गेले असतील, साधारण तेवढ्यात हा येतो. तो मिळेपर्यंत औषधाच्या दुकानातली ५० मिलीची सिरिंज चालते. तिला नळी जोडून दट्ट्या ओढून धरायचा. नळी आणि डबी शाबूत असेल तर सोडल्यावर दट्ट्या परत आत खेचला जातो. आकडा कळत नाही, पण फुटकं आहे की धड, हे कळतं.

बाकी सामान:

- वेगवेगळ्या जाडीचे टी-जोड आणि हातभर मऊ नळी. फिश टँकची नळी तपासणीपुरती चालते
- नळ्यांची तोंडं बंद करायला बोल्ट किंवा स्क्रू
- मास्किंग टेप आणि मार्कर
- मल्टिमीटर
- टॉर्च, आणि फोटो काढायला मोबाईल
- टिश्यू पेपर किंवा वीतभर सुतळीचा धागा

कागदांत सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे तुमच्या मॉडेलच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला व्हॅक्यूमचा नकाशा. कुठल्या रंगाची नळी कुठे जाते ते त्यात असतं. अमेरिकन गाड्यांत इंजिनाच्या नळ्यांचं चित्र बोनेटखालच्या स्टिकरवरही असतं. शिवाय आरसी जवळ ठेवा. जुन्या मर्सिडीजचा सुटा भाग चेसिस नंबरवरूनच मागवायचा. उजव्या आणि डाव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचे काही भाग वेगळे असतात, आणि बाहेरून आलेला भाग बसला नाही तर परत कोणी घेत नाही.

३. हात लावण्याआधी लक्षणं लिहून काढा

याला अर्धा तास द्या. घाईत ही पायरी गाळली की पुढे दोन दिवस जातात.

गाडी सावलीत उभी करा, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू ठेवा, ब्लोअर मध्यम. जागा बंदिस्त नको, धूर कोंडतो. आता एकेक बटण दाबत चला आणि प्रत्येक जाळीसमोर धागा धरा: मधल्या, कडेच्या, पायाशी, काचेशी. धागा कुठे उडतो ते वहीत लिहा. मग इंजिन बंद करून इग्निशन चालू ठेवा आणि झडपा किती वेळ जागेवर राहतात ते बघा. लगेच वारा काचेकडे पळाला तर साठवलेली ओढ कुठून तरी निसटते आहे.

त्यानंतर एक चक्कर चढावर. आमच्याकडे त्यासाठी वेरूळ-खुलताबादचा घाट जवळ पडतो, बीडकरांना मांजरसुंब्याचा घाट आहे, कन्नडकरांना औट्रम घाट. पेट्रोल गाडीत चढावर थ्रॉटल उघडा राहतो, त्यामुळे मॅनिफोल्डची ओढ कमी होते. तेवढा वेळ साठ्याच्या डब्यातल्या (ओढ साठवून ठेवणाऱ्या प्लास्टिकच्या डब्यातल्या) ओढीवर झडपा टिकल्या पाहिजेत. चढावर वारा काचेकडे आणि उतारावर पुन्हा तोंडावर, असं झालं तर चेक व्हॉल्व (साठलेली ओढ परत जाऊ न देणारा व्हॉल्व), साठ्याचा डबा किंवा त्यांच्यापुढची एखादी नळी यांत दोष आहे. डिझेलमध्ये पंप इंजिनाबरोबर फिरत राहतो, त्यामुळे हे लक्षण तिथे एवढं ठळक दिसत नाही.

लिहिताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवा: वारा *कुठे* जातो आणि तो *किती गार* आहे. व्हॅक्यूमचा संबंध पहिल्या गोष्टीशी. गारव्याशी त्याचा संबंध येतो तो एकाच वाटेने, आणि आपल्या उन्हाळ्यात ती वाट फार महागात पडते. ती म्हणजे रिसर्क्युलेशनची झडप. ती व्हॅक्यूमवर मिटते. तिची डबी फुटली तर झडप उघडीच राहते, आणि आतली गार झालेली हवा पुन्हा फिरवण्याऐवजी एसी बाहेरची बेचाळीस अंशांची हवा ओढत बसतो. मिस्त्री जाळीत हात घालतो आणि म्हणतो, "गॅस कमी हाय." माझा गॅस दोनदा यासाठीच भरला गेला. ओळखायला सोपं आहे: रिसर्क्युलेशनचं बटण दाबल्यावर ब्लोअरचा आवाज बदलला पाहिजे, आणि पुढे धूर सोडणारा ट्रॅक्टर असेल तर त्याचा वास आत येता कामा नये.

डब्ल्यू १२४ वाल्यांसाठी आणखी एक. या गाडीत मधल्या जाळ्यांतून गरम हवा येतच नाही, रचनाच तशी आहे. डिसेंबरच्या सकाळी हीटर लावला आणि मध्ये काही येत नाही म्हणून डॅशबोर्ड खोलू नका.

४. ब्रेकच्या पेडलला विचारा

फुकटातली तपासणी. इंजिन बंद ठेवून ब्रेक चार-सहा वेळा दाबा, पेडल कडक होईल. पाय तसाच दाबून ठेवा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. गेलं, तर इंजिनाकडून बूस्टरपर्यंत ओढ पोचते आहे.

नाही गेलं, तर एसीचा विचार तिथेच थांबवा. ब्रेकची मदत त्याच ओढीवर चालते. गाडी गॅरेजला न्या, तीही चालवत नको. उन्हाळा एसीशिवाय निघतो, घाट ब्रेकशिवाय उतरता येत नाही.

जुन्या डिझेल मर्सिडीजवाल्यांनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात. या इंजिनांत चावी फिरवल्यावर इंजिन बंद करण्याचं कामही बहुतेक वेळा व्हॅक्यूमच करतो. चावी काढली तरी इंजिन चालूच राहत असेल, किंवा ऑटोमॅटिक गिअर झटके देत पडत असतील, तर दोष एसीपुरता नाही, मूळ ओढच कमी आहे.

५. उगमाशी मोजा

मॅनिफोल्डवरून एसीकडे निघणारी नळी शोधा. बऱ्याचदा ती ब्रेक बूस्टरच्या जाड पाईपवरच्या छोट्या फाट्यावरून निघते. तिथे टी-जोड बसवून गेज लावा. इंजिन गरम असावं, आयडलवर (ॲक्सिलरेटरला पाय न लावता मंद चालणारं).

पुस्तकात पेट्रोल इंजिनासाठी साधारण १७ ते २१ इंच पारा (ओढ मोजण्याचं एकक) असा आकडा असतो. हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. संभाजीनगर सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे आणि इथे हवेचा दाबच ७६० ऐवजी ७१० मिलिमीटरच्या आसपास असतो. त्यामुळे गेजवर सुमारे दोन इंच कमी दिसणारच. माझ्या गाडीला १७ आले तेव्हा एकाने व्हॉल्व टायमिंगवर संशय घेतला होता. इंजिन ठणठणीत होतं. गेजवर सेंटीमीटर असतील तर एक इंच म्हणजे २.५ सेंटीमीटर.

आकड्यापेक्षा काट्याची चाल बघा. काटा स्थिर हवा. आकडा कमी आणि आयडल वर-खाली होत असेल तर गळती मोठी आहे. अशा वेळी एसीकडे जाणारी नळी काढून तिचं उगमाकडचं तोंड बोल्टने बंद करा. लगेच आयडल सुधारलं आणि आकडा चढला तर चोर एसीच्या बाजूला आहे. काहीच फरक नाही, तर गळती इंजिनाच्या बाजूला आहे आणि ते काम वेगळं.

डिझेलमध्ये पंपाची ओढ पेट्रोलपेक्षा जास्त असते, वीस इंचांच्या पुढे. ती फार कमी असेल तर पंप तपासून घ्या, आणि त्यात चालढकल करू नका. जुन्या मर्सिडीज डिझेलांत हा पंप इंजिनाच्या पुढच्या तोंडाशी असतो. त्याचं बेअरिंग तुटलं तर गोळ्या टायमिंग चेनमध्ये जाऊन अख्खं इंजिन खराब होऊ शकतं. पंपाकडून खडखड येऊ लागली तर गाडी चालवू नका.

आणि गळती शोधायला चालू, तापलेल्या इंजिनावर पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर फवारायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. ते करू देऊ नका. गाडी पेटते. हातभर नळी कानाशी धरून तिचं दुसरं टोक जोडांवरून फिरवलं तरी सुस्कारा स्पष्ट ऐकू येतो.

६. चेक व्हॉल्व आणि साठ्याचा डबा

माझा पहिला दोष इथे होता.

चेक व्हॉल्व म्हणजे विहिरीच्या पाईपलाइनवर असतो तो एनआरव्हीच, फक्त बोटभर. हवेला तो एकाच दिशेने जाऊ देतो. इंजिनाने ओढलं की उघडतो, ओढ कमी झाली की मिटतो आणि साठ्यातला व्हॅक्यूम राखून ठेवतो. फूट व्हॉल्व गळका असला की मोटार बंद केल्यावर पाईप रिकामा होतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरावं लागतं. इथे तेच होतं, फक्त दर ओव्हरटेकला.

व्हॉल्व काढण्याआधी त्याची दिशा टेपवर बाणाने लिहा. बाहेरून पुसून एका टोकाने तोंडाने फुंका, मग दुसऱ्या. एका बाजूने हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने अजिबात नाही. माझा व्हॉल्व दोन्हीकडून हवा सोडत होता. शंका असेल तर बंद दिशेने हातपंप लावून १५ इंच ओढा आणि मिनिटभर बघा. तोंडाची तपासणी ढोबळ असते, बारीक गळती पंपच दाखवतो.

नवा बसवताना उलटा बसला तर काहीच चालत नाही आणि माणूस पुन्हा पहिल्यापासून शोधायला लागतो. मी बाण काढला होता, तरी फोटो बघूनच बसवला.

साठ्याचा डबा प्लास्टिकचा असतो. त्याची जागा गाडीगाडीत वेगळी. जुन्या जीप चेरोकीत तो पुढच्या बंपरमागे चेंडूसारखा गोल असतो, म्हणजे किरकोळ धडकेतही तडकतो. त्याची बाकी तोंडं बंद करून पंपाने ओढा. काटा पाच मिनिटं हलला नाही तर डबा चांगला.

७. नळ्या: मधून सोडवून शोधा

शेतात ठिबकची लाइन कुठे फुटली ते शोधताना आपण मधला कॉक बंद करून कुठल्या अर्ध्यात दाब पडतो ते बघतो. इथेही तसंच. फायरवॉलपाशी नळी सोडवा आणि केबिनच्या बाजूला हातपंप लावा, सगळी बटणं बंद स्थितीत ठेवून. ओढ टिकली तर केबिनमधली मुख्य लाइन ठीक, दोष बोनेटखाली. टिकली नाही तर दोष आत. मग आतल्या लाइनचे दोन भाग करा, पुन्हा तेच.

नळीचं कडक प्लास्टिक सहसा टिकतं. मरतात ती टोकांची रबरी कोपरी. इंजिनाच्या उष्णतेने आणि आपल्या उन्हाने रबर पापडासारखं होतं, वाकवलं की बारीक भेगा उघडतात. सरळ बघून भेग दिसत नाही, प्रत्येक कोपरं बोटांत धरून वाकवून बघा.

गाडी गावाकडे उभी असते त्यांनी उंदीर विसरू नये. कडब्याच्या गंजीशेजारी किंवा सरकीच्या पोत्यांच्या गोदामात आठवडाभर गाडी राहिली की फायरवॉलजवळच्या नळ्या कुरतडलेल्या सापडतात. बोनेटच्या अस्तराचा कापूस विस्कटलेला दिसला तर नळ्या हमखास बघा.

एकावेळी एकच नळी काढायची, तिला टेप लावून नंबर घालायचा, फोटो काढायचा, मग पुढची. सगळ्या नळ्या एकदम उपसून ठेवणारा माणूस कितीही अनुभवी असला तरी त्याला थांबवा. उलटसुलट लागलेल्या नळ्यांमुळे जी नवी लक्षणं येतात त्यांचा कुठल्याच पुस्तकात पत्ता नसतो.

८. वाटणारी पेटी: सोलेनॉइड की स्विच?

मुख्य लाइन धड असेल तर ओढ वाटून देणारा भाग बघायचा. काही गाड्यांत नॉबच्या मागेच फिरता व्हॅक्यूम स्विच असतो. काहींत विजेवर उघडणाऱ्या छोट्या व्हॉल्वची पेटी असते, तिच्यातून रंगीत नळ्या एकेका डबीकडे जातात. ती डॅशबोर्डखाली असते. येणारी मुख्य नळी हातात धरून तिचा माग काढत जाल तर पेटीपाशीच पोचाल.

पेटीकडे येणाऱ्या नळीवर गेज, मग निघणाऱ्या एकेका तोंडावर गेज. बटण दाबल्यावर त्या तोंडाशी ओढ आली पाहिजे. येते, तर पुढे डबीकडे जा. येत नाही, तर मल्टिमीटरने त्या व्हॉल्वला १२ व्होल्ट पोचतात का बघा. व्होल्ट आहेत पण ओढ नाही, म्हणजे व्हॉल्व अडकला. व्होल्टच नाहीत, तर फ्यूज, वायर किंवा बटणांचं युनिट. अनेकदा बटणांच्या युनिटमधले सोल्डरचे जोड तडकलेले असतात आणि रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा जुना कारागीर ते नीट करून देतो.

९. डबी

आता ज्या झडपेबद्दल तक्रार आहे तिच्या डबीची नळी पेटीपाशी काढा आणि त्या नळीत हातपंप लावून १५ इंचांपर्यंत ओढा. डबीपर्यंत हात पोचत नसला तरी ही तपासणी होते, आणि डॅशबोर्ड खोलायचा की नाही याचा निकाल इथेच लागतो. तीन शक्यता:

काटा चढतच नाही किंवा लगेच पडतो: पडदा फाटला, किंवा तिथपर्यंतची नळी.

काटा टिकतो आणि धागा नव्या जाळीसमोर उडतो: डबी आणि झडप दोन्ही उत्तम, दोष मागे आहे. माझ्या मधल्या जाळ्यांचा निकाल हाच आला. ज्या डबीसाठी डॅशबोर्ड खोलायला सांगितलं होतं ती पूर्ण शाबूत होती.

काटा टिकतो पण वारा जागचा हलत नाही: दांडी निसटली किंवा झडप अडकली. वाळलेली पानं, कुजलेला फोम, जाळीतून आत गेलेलं पेन, काहीही असू शकतं.

काही डब्यांना दोन नळ्या असतात आणि त्या झडपेला दोन टप्प्यांत फिरवतात. तेव्हा दोन्ही नळ्या वेगवेगळ्या तपासा. एक पडदा धड आणि दुसरा फाटका असतो.

माझी फाटकी निघाली ती रिसर्क्युलेशनची डबी. ती ब्लोअरच्या बाजूची, वायपरखालचं आवरण काढल्यावर हाताला आली. मधल्या जाळ्यांची डबी मात्र खोल असते आणि तिच्यासाठी बहुधा डॅशबोर्ड काढावाच लागतो. तो निघालाच तर आतल्या सगळ्या डब्या त्याच वेळी पंपाने तपासून घ्या. तीस वर्षांचं प्लास्टिक दुसऱ्यांदा खोलताना तुटतं.

१०. दुरुस्ती करताना

तपासणीला वापरलेली फिश टँकची नळी बोनेटखाली तशीच ठेवू नका. सलाईनची नळीही नको. उष्णतेने ती मऊ पडते आणि ओढ लागली की आतल्या आत चिकटते. इंजिन थंड असताना सगळं चालतं आणि तापल्यावर बंद पडतं, असा दोष मग शोधत बसावा लागतो. जाड भिंतीची व्हॅक्यूमची रबरी किंवा सिलिकॉन नळी घ्या. बाहेरचा आणि आतला, दोन्ही व्यास मोजून न्या, जुना तुकडा सोबत न्या. वाळूज-चिकलठाण्याकडे न्यूमॅटिक फिटिंग विकणाऱ्या दुकानांत जोड मिळतात.

भेगा पडलेल्या रबरावर एम-सील किंवा फेविक्विक लावून भागत नाही. रबर हलतं, सील तडकतं. फाटलेल्या पडद्याला सायकलच्या ट्यूबचं ठिगळ लावण्याचाही सल्ला मिळेल. मी लावून बघितलं, ट्यूबचं रबर जाड असल्यामुळे झडप अर्धीच फिरत होती. जोड चढत नसेल तर साधं ग्रीस लावू नका, त्याने रबर फुगतं. सिलिकॉन ग्रीसचा ठिपका पुरतो.

गॅरेजात काम द्यायचं असेल तर "एसी बघा" एवढंच म्हणू नका. तिसऱ्या पायरीतली वही पुढे करा. मी शेवटी आमच्या ओळखीच्या वयस्कर मिस्त्रींकडे गेलो आणि म्हटलं, "काका, मेन लाइन टिकते, चेक व्हॉल्व दोन्हीकडून हवा सोडतो, रिसर्क्युलेशनची डबी धरत नाही." त्यांनी हातपंप मागितला, दोन्ही गोष्टी स्वतः तपासल्या आणि म्हणाले, "मग गॅसला कोन हात लावाया सांगितला व्हता तुमाला?" तासाभरात गाडी परत मिळाली.

११. झालं का, हे कसं ठरवायचं

सगळं जोडल्यावर तिसऱ्या पायरीतली वही पुन्हा उघडा आणि तीच बटणं त्याच क्रमाने दाबून धाग्याची नोंद शेजारच्या रकान्यात लिहा. इंजिन बंद करून झडपा टिकतात का बघा. ब्रेकच्या पेडलची तपासणी पुन्हा करा, कारण त्याच पाईपच्या फाट्याला तुम्ही हात लावलेला आहे. मग भर दुपारी, इंजिन आणि बोनेटखालचं सगळं पुरतं तापल्यावर, त्याच घाटाची चक्कर.

मी वेरूळचा घाट दुपारी दोनला चढलो, ब्लोअर तिसऱ्यावर, रिसर्क्युलेशन चालू, मधल्या जाळीला सुतळीचा धागा बांधलेला. वर खुलताबादपर्यंत धागा आडवा राहिला. आई तेव्हाही मागेच बसली होती, भद्रा मारुतीला जायचं म्हणून. अर्ध्या घाटात ती म्हणाली, "बारीक कर रे थोडं, गार लागतंय."